हाडाला जिद्द कळत नाही

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते आणि पुढचा आठवडाभर एका ठरावीक प्रकारचं कौतुक कानावर येत राहतं. अमुक काकांनी दोन्ही गुडघ्यांना नीकॅप चढवून बेचाळीस किलोमीटर पूर्ण केले. अमुक ताईंच्या नडगीच्या हाडाला चीर होती, डॉक्टर नको म्हणत होते, तरी त्या पळाल्या आणि मेडल घेऊन आल्या. खाली टाळ्या, हार, ‘याला म्हणतात जिद्द’. धावणाऱ्यांच्या जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये हे कौतुक चालतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ज्यांचा पाय दुखायला लागतो, ते याच कौतुकाच्या आठवणीवर पुढचा लाँग रन काढतात. हे कौतुक घातक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

हे कौतुक करणारे लोक अडाणी नाहीत, म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट समजून घेऊ. ते म्हणतात, मॅरेथॉन म्हणजेच दुखणं. तिसाव्या किलोमीटरनंतर प्रत्येकाचं सगळं अंग दुखतं, शेवटच्या टप्प्यात पेडर रोडची चढण समोर येते तेव्हा शरीर केव्हाच ‘पुरे’ म्हणालेलं असतं, आणि तिथून पुढे माणूस मनाच्या जोरावर जातो. मग सराव करताना दुखापत झाली तर तीही त्याच परीक्षेचा भाग. जो थांबला, तो मनाने हरला.

यातला पहिला भाग खरा आहे. थकलेल्या स्नायूचं दुखणं सोसता येतं, सोसावंच लागतं, आणि सरावाने ते सोसण्याची ताकद वाढते. गफलत पुढे आहे. स्नायूच्या थकव्याबद्दल जे खरं, ते हाडाबद्दलही खरं असणार असं धरून चालायला कुठलाही आधार नाही. मांडीचे स्नायू पेटल्यासारखे होतात तेव्हा मेंदू बराच हात राखून इशारा देत असतो, आणि त्या इशाऱ्याशी घासाघीस करता येते. हाडाला पडलेली चीर कोणाशी घासाघीस करत नाही. पुढच्या पावलाला ती तेवढीच राहील किंवा वाढेल, आणि ते ठरतं पावलांच्या संख्येवर, पडणाऱ्या भारावर आणि चीर कुठे आहे त्यावर. साडेचार तासांत मॅरेथॉन पूर्ण करणारा माणूस चाळीस हजारांहून जास्त पावलं टाकतो. प्रत्येक पावलाला जमिनीकडून उलट येणारा जोर शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट असतो. इच्छाशक्तीने यातला एकही आकडा खाली येत नाही.

भाराने हाडाला पडणारी ही चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, हे आजच्या धावपटूंचे लाड आहेत असंही काही जुनेजाणते सुचवतात. पण प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ साली लांबलांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखणाऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागायचा होता. तो लागला १८९५ मध्ये, आणि मग कळलं की त्या पावलांतली हाडं मोडलेली असत. ते शिपाई नाजूक नव्हते, आळशी नव्हते, आणि त्यांच्या वरिष्ठांच्या धाकाने ती हाडं सांधली गेली नाहीत.

चीर पडते कशी, हे समजलं की जिद्दीचा युक्तिवाद आपोआप गळून पडतो. हाड जिवंत असतं. त्यावर नेहमीपेक्षा जास्त भार पडला की ते स्वतःची डागडुजी सुरू करतं, पण त्या कामाचा क्रम उलटा आहे: आधी जुना, दमलेला भाग खरवडून काढला जातो आणि मग नवा भरला जातो. खरवडण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरण्याला तीनेक महिने लागतात. म्हणजे सरावाचे किलोमीटर वाढवल्यावर काही आठवडे हाड आधीपेक्षा कमजोर असतं, आणि नेमक्या त्याच काळात दम वाढलेला असतो, पाय हलके वाटत असतात, वेग येत असतो. स्लॅब टाकला, वरून छान गुळगुळीत दिसतो, म्हणून आठव्या दिवशी सेंटरिंग काढून त्यावर पाण्याची टाकी चढवावी तसा हा प्रकार. आपल्याकडे पावसाळ्यात सराव सुरू होतो, सप्टेंबरमध्ये साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढून-उतरून लोक हिल हाफ मॅरेथॉन करतात, त्या आनंदात पुढच्याच महिन्यात पंचवीस-तीस किलोमीटरचे रविवार सुरू होतात. दिवाळीच्या आगेमागे नडग्या आणि जांघा दुखायला लागतात, ते उगाच नाही.

‘दुखतंय’ या तक्रारीवर विचारायचा पहिला प्रश्न आहे: कुठे? पावलाच्या मधल्या लांब हाडांपैकी एखाद्याला, किंवा नडगीच्या आतल्या-मागच्या कडेला चीर असेल, तर काही आठवडे भार कमी केला की बहुतेक वेळा ती निमूट भरून येते. तीच चीर नडगीच्या पुढच्या कडेला, पावलाच्या कमानीतल्या छोट्या हाडात किंवा मांडीच्या हाडाच्या मानेच्या वरच्या बाजूला असली, तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे रक्तपुरवठा तोकडा असतो किंवा प्रत्येक पावलाला चीर उघडण्याच्या दिशेने ताण पडतो. मांडीच्या हाडाची मान तुटून सरकली तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, गोळा मरू शकतो, आणि ऐन उमेदीच्या वयात खुबा बदलण्याची वेळ येऊ शकते. दोन्ही प्रकारच्या रुग्णांना ‘चीर आहे’ एवढंच कळलेलं असतं. त्यातला एक दीड-दोन महिन्यांत पुन्हा हळूहळू पळायला लागतो आणि दुसऱ्याला तातडीने स्क्रू बसवून घ्यावे लागतात. या फरकात मनोबलाला कुठेही जागा नाही. ज्या ताई चीर घेऊन पळाल्या आणि निभावल्या, त्यांची चीर निभावणाऱ्या जागी होती. त्यांचं उदाहरण जांघ दुखणाऱ्या माणसापुढे ठेवणं हा बेजबाबदारपणा आहे.

आमच्या ग्रुपमधली एक शिक्षिका मला या बाबतीत नेहमी आठवते. जांघेत दुखायला लागलं ऑक्टोबरमध्ये. ‘स्नायू खेचला गेला असेल’ म्हणून कोणी तेल सांगितलं, कोणी स्ट्रेचिंग, कोणी मालिशवाल्याचा नंबर दिला. धावायला सुरुवात केली की दुखायचं, थांबलं की कमी व्हायचं, मग रात्री कुशीवर वळतानाही कळ यायला लागली. एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. हा स्वच्छ एक्स-रे ग्रुपवर पडला आणि सगळ्यांनी एकमुखाने निकाल दिला: बघ, काही नाहीये, भीती काढून टाक. पहिल्या काही आठवड्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेवर बरेचदा दिसतच नाही, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. ज्यांनी तो एक्स-रे वाचला त्यांनीही तिला ते सांगितलं नाही. पुढच्या लाँग रननंतर तिला लोकलच्या पायरीवर पाय ठेवता येईना. तेव्हा कुठे एमआरआय झाला. मांडीच्या हाडाच्या मानेला खालच्या बाजूने चीर. खालच्या बाजूने म्हणून शस्त्रक्रिया टळली, कुबड्यांवर भागलं. हाताच्या रुंदीएवढ्याही नसलेल्या त्या मानेत चीर वरच्या कडेला असती तर ग्रुपच्या त्या प्रोत्साहनाची किंमत तिने उरलेलं आयुष्य मोजली असती. प्रोत्साहन देणाऱ्यांपैकी एकालाही ती मोजावी लागली नसती. माझा खरा राग या व्यवहारावर आहे: धाडसाचा सल्ला एकाचा, पाय दुसऱ्याचा.

आता थोरांची उदाहरणं. या वादात जोन बेनॉइटचं नाव हमखास येतं. १९८४ साली गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर १७ दिवसांनी तिने अमेरिकेची ऑलिम्पिक निवड चाचणी जिंकली आणि ५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये महिलांची पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत. गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. तिच्या गुडघ्यात एक तंतुमय पट्टा अडकत होता. दुर्बिणीतून तो मोकळा केल्यावर अडथळाच संपला. हाड शाबूत होतं. गुडघा अडकायला लागला तेव्हा तिने पळणं थांबवलं होतं, विश्रांती घेऊन पाहिली होती, तोडगा निघाला नाही तेव्हा चाचणी तोंडावर असतानाही टेबलावर जाऊन पडली, आणि नंतर पाय सावरेपर्यंत हातांनी फिरवायच्या सायकलवर दम टिकवला. ही दुखापतीचं निदान करून घेण्याची गोष्ट आहे. शरीराचं न ऐकता पळण्याच्या समर्थनार्थ ती वापरणाऱ्यांनी निम्मी पानं फाडून टाकली आहेत.

दुसरं नाव टांझानियाच्या जॉन स्टीफन अखवारीचं. १९६८, मेक्सिको सिटी. वाटेत पडून गुडघ्याला जबर मार बसला, आणि पट्टी बांधून, लंगडत, अंधार पडल्यावर तो ३ तास २५ मिनिटं २७ सेकंदांत सर्वांत शेवटी पोहोचला. त्या दृश्यापुढे मीही नतमस्तक आहे. पण तो ऑलिम्पिकच्या दिवशी, शर्यतीच्या मध्यावर, देशाचा गणवेश घालून पडला होता. आपण बोलतोय ते नोव्हेंबरातल्या एका रविवारच्या सरावाबद्दल, आणि समोरची शर्यत दर जानेवारीत येते. अखवारीच्या त्या एका संध्याकाळची उसनवारी करून कोणी आपली नडगी तीन महिने झिजवू नये.

ज्यांची उदाहरणं द्यायला हवीत, त्यांची दिली जात नाहीत. पॉला रॅडक्लिफ, जिने २००३ साली लंडनमध्ये २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तिला २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकआधी मांडीच्या हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. ती बीजिंगला गेली, पळाली, आणि पुरेशा सरावाअभावी तेविसावी आली. तिच्याइतकी जिद्द आपल्यापैकी कोणाकडे आहे असं मला वाटत नाही, आणि त्या जिद्दीला बीजिंगमध्ये तेवढंच मिळालं. मग हाड भरलं, सराव झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क जिंकली. दुसरी डीना कॅस्टर. २००४ मध्ये अथेन्सला कांस्यपदक मिळवलेली ही धावपटू बीजिंगमध्ये पाचेक किलोमीटरवर पायाचं हाड मोडल्याने थांबली. ऑलिम्पिकमध्ये, सगळ्या जगासमोर, थांबली. २०१५ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तिने शिकागोत २ तास २७ मिनिटं ४७ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. थांबणाऱ्यांना कच्च्या मनाचं म्हणणाऱ्यांनी एकदा कॅस्टरकडे पाहून ते म्हणून दाखवावं.

उरलेले युक्तिवाद लहान आहेत. ‘एवढ्या महिन्यांची मेहनत वाया जाईल’ हा त्यातला सर्वांत प्रभावी, कारण तो भीतीवर चालतो. पूर्ण थांबलेल्या कसलेल्या खेळाडूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साधारण सात टक्क्यांनी घटते आणि दोन महिन्यांनी सोळा टक्क्यांच्या आसपास जाऊन स्थिरावते, असं १९८४ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात मोजलेलं आहे. म्हणजे काहीही न करता पडून राहिलं तरी सगळं जात नाही. आणि पडून राहायचं कारणही नाही: डॉक्टरांनी परवानगी दिली की कमरेला तरंगणारा पट्टा बांधून खोल पाण्यात पळता येतं, आणि त्याने चार ते सहा आठवडे दम जवळपास टिकतो. महापालिकेच्या तरणतलावावर असं पळायची परवानगी मिळवायला थोडी हुज्जत घालावी लागते, तेवढी घालावी. अर्धवट भरलेलं हाड घेऊन पळालात आणि ते पुरतं मोडलं, तर मात्र वर्ष जातं.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल मी जास्त लिहिणार नाही, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. शर्यतीच्या सकाळी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊन उभं राहणं म्हणजे उन्हात पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार टाकणं, आणि वर हाडाचा इशाराही बंद करणं. ग्रुपमध्ये अशा गोळ्या वाटणाऱ्यांना थांबवलं पाहिजे.

दुसऱ्या बाजूलाही एक गट आहे आणि त्याला सोडून देणं बरोबर होणार नाही. घरचे, शेजारचे, कार्यालयातले: ‘कोणी सांगितलं होतं पळायला?’ कुबड्यांवर असलेल्या माणसाला हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. बाईला जास्तच, कारण ती सकाळी दोन तास घराबाहेर असते हेच मुळात खुपलेलं असतं आणि दुखापत झाली की ते बोलून दाखवायला निमित्त मिळतं. कुबडी काखेत धरून ती ओट्यापाशी उभी राहते, आणि तिला ‘आता तरी शहाणी हो’ सांगितलं जातं. काही डॉक्टरही एका वाक्यात विषय संपवतात: पळणं सोडा. हे लोक आणि जिद्दवाले एकमेकांचे विरोधक दिसतात, पण दोघांनीही एकच काम टाळलेलं असतं. नेमकं कुठलं हाड, चीर केवढी, का पडली, हे दोघांनाही विचारायचं नसतं. एकाला पळवायचं असतं, दुसऱ्याला घरी बसवायचं असतं. स्ट्रेस फ्रॅक्चर भरून येतं. कारण शोधून दुरुस्त केलं तर बहुतेक माणसं पुन्हा पळतात, पहिल्यासारखी पळतात.

आणि कारण शोधणं म्हणजे बुटांचा ब्रँड बदलणं एवढंच नाही. किलोमीटर किती झपाट्याने वाढवले हे पाहावं लागतं, ‘ड’ जीवनसत्त्व तपासावं लागतं, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे खाणं बघावं लागतं. वजन उतरवायचं म्हणून पळायला लागलेली, सकाळी उपाशीपोटी वीस किलोमीटर करून दुपारी दोन फुलके खाणारी माणसं आपल्याकडे ढिगाने आहेत. खर्चाच्या मानाने शरीराला अन्न कमी पडत राहिलं की ते हाडांची डागडुजी आवरती घेतं. बायकांमध्ये पाळी अनियमित होते किंवा बंदच होते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला नाव देऊन त्यावर वारंवार मार्गदर्शन केलं आहे, आणि पुरुषही त्यातून सुटत नाहीत हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पण किती प्रशिक्षक आपल्या ग्रुपमधल्या मुलींना पाळीबद्दल विचारतात? संकोच वाटत असेल तर ग्रुपमधल्या एखाद्या जाणत्या बाईला विचारायला सांगा. न विचारण्याला शालीनता म्हणू नका. पाळी चुकलेली धावपटू ही हाड मोडण्याच्या वाटेवरची धावपटू असू शकते.

दुखापतीतलं सोसणं असतंच, आणि ते पळण्यापेक्षा अवघड असतं. पहाटे साडेचारला जाग येते आणि उठायला कारण नसतं. रविवारी ग्रुपवर फोटो येतात. ज्यांच्याशी रोज बोलणं होतं त्यांचे फोन दोन आठवड्यांत कमी होतात, कारण आपलं बोलणं मुळात पळण्याबद्दलच होतं हे दोघांच्याही लक्षात येतं. अशा माणसाला ‘पॉझिटिव्ह राहा’ सांगणं हे त्याला गप्प बसवणं आहे. त्याला वाईट वाटू द्या. महिनोन्‌महिने जोपासलेली गोष्ट हातातून गेली तर माणूस रडणार, चिडणार. त्यात कमकुवतपणा नाही. ज्यांना मनोबलाची इतकी चाड आहे त्यांनी ते इथे दाखवावं: रविवारी पळून झाल्यावर पोह्यांच्या गाडीवर त्यालाही घेऊन जावं, पाण्याच्या टेबलावर त्याला उभं करावं, वेळा नोंदवायचं काम त्याच्याकडे द्यावं. माणूस ग्रुपमध्ये राहिला तर परत पळायची घाई कमी करतो. तुटला, तर एकटाच पळून बघतो, आणि तेच धोक्याचं असतं.

आयोजकांनाही यातून मोकळं सोडता येत नाही. न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये ठरलेल्या मुदतीत नाव मागे घेणाऱ्याला पुढच्या वर्षीची जागा मिळण्याची सोय अनेक वर्षं राहिली आहे. शुल्क पुन्हा भरावं लागतं, पण जागा मिळते. आपल्याकडच्या बहुतेक शर्यतींत पैसेही जातात आणि जागाही. मग एमआरआयचा अहवाल हातात असलेला माणूस ‘पैसे भरलेत, निदान चालत तरी जाऊ’ म्हणून सुरुवातीच्या रेषेवर येतो, आणि बंदुकीचा बार झाला की कोणीच चालत नाही. वैद्यकीय कारणाने पुढच्या वर्षी सरकण्याची सोय द्यायला आयोजकांना फार मोठा खर्च येणार नाही. धावपटूंच्या ग्रुपनी एकत्र येऊन ही मागणी लेखी करावी, आणि दुखापत घेऊन पळालेल्यांचे फोटो प्रसिद्धीसाठी वापरणं थांबवा असंही त्याच पत्रात लिहावं.

आणि ज्यांच्या जांघेत किंवा नडगीच्या पुढच्या कडेला आत्ता, हे वाचताना, दुखतंय, बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच ठिकाणी, पळताना वाढणारं, आता रात्रीही जाणवणारं, त्यांनी येत्या रविवारी लाँग रनला जाऊ नये. एका पायावर उडी मारून ‘बघू दुखतंय का’ असंही करू नये. खेळाच्या दुखापती बघणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं, एक्स-रे स्वच्छ आला तरी एमआरआयबद्दल स्वतःहून विचारावं, आणि अहवाल आला की चीर नेमकी कुठे आहे, मांडीच्या हाडाच्या मानेला असेल तर वरच्या बाजूला की खालच्या, हे तिथल्या तिथे विचारून कागदावर लिहून घ्यावं. तोपर्यंत त्या पायावर कमीत कमी भार. ग्रुपमध्ये कोणी हसलं तर हा लेख त्यांना पाठवा, उत्तर द्यायला मी आहे.